खान्देशातल्या घरात कॉकाटील सांभाळताना: पिंजऱ्यापासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या अंतर्भागातल्या कोरड्या, उघड्या माळरानांवर तो थव्याने फिरतो, गवताचं बी खातो आणि पाण्याच्या मागे मागे जागा बदलतो. काकाकुवाच्या कुळातला हा सगळ्यात लहान पक्षी. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम फूटभर लांब आणि वजनाला 80 ते 100 ग्रॅम. आपल्याकडे पक्षी विकणारे सांगतात, "भाऊ, हा वाळवंटातला पक्षी आहे, जळगावचं ऊन याला काहीच नाही." यातलं अर्धंच खरं आहे. त्याच्या मुलखातही पारा चाळिशी ओलांडतो, पण तिथे तो दुपारी झाडाच्या दाट सावलीत गप्प बसून राहतो आणि पाणवठा आटला की थवाच्या थवा दुसरीकडे निघून जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला ऊन, धूर, आवाज, एकटेपणा यांपैकी कशापासूनच लांब जाता येत नाही. त्याच्या वतीने ती हालचाल आपल्याला करावी लागते. पुढची सगळी माहिती ही एक गोष्ट धरून वाचावी.

आणण्याआधी घरात बोलून घ्या

चांगलं खाणं-पिणं मिळालं तर कॉकाटील 15 ते 20 वर्षं जगतो. पाचवीतल्या पोराच्या हट्टापायी आज आणलेला पक्षी ते पोरगं नोकरीला लागेल तेव्हाही घरात असेल, आणि तोवर त्याचं दाणापाणी बहुधा आईकडे किंवा आजीकडे आलेलं असेल. म्हणून आधी त्यांनाच विचारा.

दुसरी गोष्ट दम्याची. कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी बारीक भुकटी सतत झडते. टेबलावर, टीव्हीवर तिचा थर बसतो. घरात कुणाला दमा असेल किंवा धुळीने शिंका येत असतील, तर ज्यांच्याकडे हा पक्षी आहे त्यांच्या घरी त्या माणसाला तास-दोन तास बसवून बघा. त्रास झाला तर पक्षी आणू नका. आणून मग परत देण्यात पक्ष्याचे हाल होतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी अजूनही ढोलीतून पिल्लं काढून विकली जातात, ती घेऊ नका. कॉकाटील परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेला, त्यामुळे तो पाळता येतो. 2022च्या दुरुस्तीनंतर परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची जी अट आली ती सायटीस या, वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या परिशिष्टांतल्या प्रजातींना आहे. मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे यांना ती लागू होते, कॉकाटीलला नाही.

पक्षी निवडताना

शक्यतो ज्याच्या घरी जोड्या आहेत आणि जो पिल्लं स्वतः वाढवतो त्याच्याकडून घ्या. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर एका पिंजऱ्यात वीस-वीस पक्षी कोंबलेले असतात, तिथून घेतलेला पक्षी आजार घेऊनच येण्याची शक्यता मोठी. पिल्लू स्वतः दाणे फोडून खातंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. साधारण आठ ते दहा आठवड्यांत पिल्लं आपलं आपण खायला लागतात. "सिरिंजने भरवलं की जास्त माणसाळतं" असं म्हणून तीन-चार आठवड्यांचं पिल्लू गळ्यात मारलं जातं. भरवायचं खाणं थंड झालं तर ते अन्नपिशवीत साठून कुजतं, गरम झालं तर पिशवी भाजते, आणि घाईत श्वासनळीत गेलं तर पिल्लू हातातच मरतं. माणसाळवायला याची काही गरज नसते, स्वतः खाणारं पिल्लूही दोन महिन्यांत बोटावर येतं.

डोळे स्वच्छ आणि गोल, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं स्वच्छ, छातीचं हाड हाताला टोचत नाही, श्वास घेताना शेपूट वरखाली होत नाही. एवढं तपासा. पिवळसर पांढऱ्या लुटिनो पक्ष्याच्या तुऱ्यामागे टक्कल दिसलं तर घाबरू नका, ते त्या रंगाबरोबर आनुवंशिक येतं.

नर की मादी हे पहिली पिसं झडेपर्यंत, म्हणजे सहा ते नऊ महिन्यांपर्यंत, नुसतं बघून सांगणं अवघड. त्यानंतर राखाडी जातीत नराचा चेहरा झळझळीत पिवळा होतो आणि गालावरचा नारिंगी ठिपका उठून दिसतो. मादीचा चेहरा मळकट राहतो, शेपटीच्या खालच्या बाजूला आडवे पट्टे राहतात. शीळ घालण्यात नर पटाईत. बोलणं मात्र त्याला बेताचंच जमतं. "कसा शेस रे" शिकवायला वर्ष लागेल आणि तरी ते घरच्यांनाच कळेल, पण कुकरची शिट्टी आणि मोबाइलची रिंग तो आठवड्यात उचलतो.

घरात आधीच पक्षी असतील तर नव्याला महिनाभर तरी वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा. आधी जुन्याचं काम उरका, मग नव्याचं, आणि मध्ये साबणाने हात धुवा.

पिंजरा

एका पक्ष्यासाठी कमीत कमी 24 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 24 इंच उंच पिंजरा लागतो. दोघांसाठी लांबी वाढवा. उंच निमुळते, घुमटाचे पिंजरे दिसायला छान असले तरी कॉकाटील आडवा उडतो, त्याला लांबी उपयोगी पडते. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास असावं, पाऊण इंचाला डोकं अडकू शकतं. दोन बाजूंना तरी आडवे गज असावेत, कारण तो चोचीने धरून चढतो.

आपल्याकडे वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा पिंजरा करून घेण्याची पद्धत आहे. स्वस्त आणि मोठा होतो, पण नवीन गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताची पूड आणि गाठी असतात. हा पक्षी दिवसभर गज चावतो, ते जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. जाळी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासा, धुवा, उन्हात ठेवा, पुन्हा घासा. जमत असेल तर पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घ्या. सगळ्यात जास्त पैसे इथेच घालावेत असं माझं मत आहे.

पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. एकाच जाडीच्या दांडीवर वर्षानुवर्षं बसून तळपायाला फोड येतात. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या कापून आणा, कुठे बोटाएवढी जाड, कुठे अंगठ्याएवढी. फवारणी झालेल्या बागेतली फांदी नको. साल राहू द्या, धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. साल सोलण्यात त्याचा दिवस चांगला जातो. पाण्याच्या आणि दाण्याच्या वाटीवर दांडी येऊ देऊ नका, नाहीतर शीट वाटीत पडते.

तळाला साधं वर्तमानपत्र अंथरा आणि रोज बदला. भुसा किंवा वाळू घातली तर शीट नीट दिसत नाही, आणि शीट हा त्याच्या तब्येतीचा रोजचा दाखला असतो. निरोगी शिटेत तीन भाग दिसतात: हिरवट घट्ट भाग, पांढरा चुन्यासारखा भाग आणि भोवती थोडं पाणी.

जागा

बैठकीच्या खोलीत, माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला टेकवून. चहूबाजूंनी उघडा पिंजरा असला की पक्षी सतत बावरलेला राहतो. स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य. पक्ष्यांची फुप्फुसं आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या हवेतलं सगळं वेगाने शोषून घेतात, त्यामुळे माणसाला नुसता ठसका लागतो तेवढ्या धुराने पक्षी मरू शकतो. नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर राहून तापला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, कॉकाटील मात्र काही मिनिटांत दगावतो. पक्षी असलेल्या घरात लोखंडी तवाच बरा, आणि भाकरीला तोच चांगला.

आपल्या घरांतले धूर आठवून बघा. मिरचीची फोडणी, भरीतासाठी भाजलेली वांगी, कानबाईच्या उत्सवातला धूप, रोजची उदबत्ती, संध्याकाळची डासांची कॉइल. वांगी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजत असाल तर खिडकी लावून घ्या. कॉइल आणि डासांचं द्रव यंत्र पक्ष्याच्या खोलीत नकोच, रात्री पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका. झुरळं-मुंग्यांचा फवारा मारायचा असेल त्या दिवशी पक्षी शेजाऱ्यांच्या घरी ठेवा.

छतावरचा पंखा हा वेगळा धोका. खान्देशात मार्च ते ऑक्टोबर पंखा बंद होत नाही, आणि मोकळा सोडलेला कॉकाटील भेदरला की सरळ वर उडतो. नियम एकच: पंख्याचं बटण बंद, पाती थांबलेली, मग पिंजऱ्याचं दार. हा नियम पाहुण्यांनाही सांगावा लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं घरात असतात, दारं सताड उघडी असतात, कुणीतरी पंखा लावतंच. त्या दिवसांत पिंजऱ्याच्या दाराला छोटं कुलूप लावा किंवा चिमटा अडकवा.

पिंजरा गॅलरीत टांगून ठेवण्याची सवय सोडा. मांजर, घूस, साप, कावळे तर आहेतच. शिवाय रानपक्ष्यांच्या शिटेतून रोग येतात. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत झाला, आणि 2021 मध्ये तिथे तो पुन्हा आला. कोंबड्यांच्या शेडवर काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांनी कपडे, चपला बदलून आणि हात धुऊनच पिंजऱ्याजवळ जावं. सकाळचं कोवळं ऊन मात्र त्याला हवं, ड जीवनसत्त्वासाठी. पंधरा-वीस मिनिटं, अर्धा पिंजरा सावलीत, आणि कुणीतरी शेजारी बसलेलं असावं. काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही.

दाणापाणी

दुकानात मिळणारं मिश्रण बहुतेक राळं, कॅनरी गवताचं बी आणि सूर्यफूल यांचं असतं. कॉकाटील त्यातलं सूर्यफूल निवडून खातो आणि बाकी फेकतो. वर्षभर असंच चाललं की यकृतात चरबी साठते, अ जीवनसत्त्व कमी पडून नाक-घशाचे आजार सुरू होतात, आणि बाहेरून पक्षी गुटगुटीत दिसत असल्याने कुणाला शंकाही येत नाही. चांगल्या कंपनीच्या पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, मिळत असतील तर निम्मं खाणं त्यांचं असावं. जुन्या दाण्यांवरून पेलेट्सवर आणायला कित्येक आठवडे लागतात. दाण्यांत चिमूटभर मिसळून प्रमाण हळूहळू वाढवा. उपाशी ठेवून सवय लावायची नाही, एवढा छोटा जीव एका दिवसाच्या उपासाने खचतो.

उरलेल्या निम्म्यात आपलं खान्देशी धान्य कामाला येतं. बाजरी, दादर ज्वारी, राळा, थोडी करडई. दिवसाला सगळं मिळून 10 ते 15 ग्रॅम पुरतं. मूग-मटकीला मोड आणून द्या, पण मोड आंबूस वास यायच्या आत संपवा, उन्हाळ्यात दोन तासांनी वाटी काढून घ्या. भाज्यांत मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मक्याचं कोवळं कणीस. पालक अधूनमधून. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा नखभर तुकडा. केळी आपल्याकडे घरोघरी असतात, पण ती गोड. नखाएवढा तुकडा खूप झाला, आणि साल लावून देऊ नका.

भाजीपाला मिठाच्या पाण्यात बुडवून, मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या. कपाशीच्या शेताच्या बांधावरची भाजी असेल तर फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय घालूच नका.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. पेरणीचं उरलेलं बाजरी-ज्वारीचं बियाणं पक्ष्याला कधीही घालू नका. गुलाबी, निळा, हिरवा रंग दिसतो तो बीजप्रक्रियेच्या औषधाचा असतो, आणि धुऊन रंग गेला तरी औषध पूर्ण जात नाही. कोठीत कीड लागू नये म्हणून पारद टिकडी, बोरिक पावडर किंवा सेल्फॉस घातलेलं धान्यही चालणार नाही. पक्ष्याचे चार-पाच किलो धान्य सुगीतच वेगळं काढून, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात डबा उघडून वास घेत जा. बुरशीचा कुबट वास आला की अख्खा डबा फेका. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष यकृत निकामी करतं, म्हणून शेंगदाणे न घातलेलेच बरे.

चहा, चॉकलेट, कांदा, लसूण, अॅव्होकॅडो, सफरचंदाच्या बिया आणि खारट-तिखट काहीही बंद. पोरं मायेने शेव घालतात, बिबड्या-पापडाचा तुकडा देतात. त्यातलं मीठ शंभर ग्रॅमच्या जिवाला किती होतं ते त्यांना समजावून सांगा, मुलं ऐकतात.

समुद्रफेस पिंजऱ्यात कायम अडकवून ठेवा, त्यातून कॅल्शियम मिळतं आणि चोच झिजते. पाणी दिवसातून दोनदा बदला, उन्हाळ्यात तीनदा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं अशा गावांत साठवलेलं पाणी उकळून, गार करून द्या. वाटीला आतून बोट लावून बघा, बुळबुळीत लागली तर नुसतं विसळून भागणार नाही, घासावी लागेल.

माणसाळवणं

पहिला आठवडा हात आत घालायचा तो फक्त दाण्यापाण्यासाठी. बाकी वेळ पिंजऱ्याशेजारी बसा, वाचा, गप्पा मारा, शीळ घाला. तुरा ताठ उभा म्हणजे तो सावध आहे किंवा दचकलाय. तुरा डोक्याला चिकटवून फुसफुस करतोय म्हणजे "लांब राहा". तुरा अर्धवट मागे, एक पाय पोटाशी, चोच घासल्याचा बारीक आवाज, म्हणजे तो निवांत आहे. हे वाचता यायला लागलं की चावे बसत नाहीत.

मग बाजरीचं कणीस घ्या. बाजारात राळ्याच्या कणसाच्या जुड्या महाग मिळतात, आपल्याकडे सुगीत बाजरीची कणसं फुकट मिळतील. आधी गजांमधून धरा. तो येऊन टोचायला लागला की दार उघडून हातात धरा. काही दिवसांनी कणीस अशा जागी धरा की खायला त्याला तुमच्या बोटावर एक पाय ठेवावा लागेल. शेवटी बोट पोटाच्या खाली, पायांच्या वर हलकं टेकवा आणि "ये" म्हणा. बोटावर आला की लगेच एक दाणा. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं पुरे. तो मागे सरकला की तुम्हीही मागे सरका. हाताने पकडून बोटावर बसवलेला पक्षी बोटाला भितो आणि ती भीती घालवायला महिने जातात.

रोज तासभर तरी बंद खोलीत मोकळा सोडा. आरसे झाका, बादल्या आणि पाण्याची भांडी झाका, खिडक्यांचे पडदे ओढा. पंख कापण्याबद्दल लोकांची मतं वेगळी आहेत. मी कापण्याच्या विरोधात आहे, उडणं हाच त्याचा व्यायाम आणि भीती वाटली तर सुटकेचा मार्गही तोच. पण ज्या घरात दार उघडं राहतंच तिथे पक्षी पिंजऱ्याबाहेर काढूच नये.

दिवसभर घर रिकामं असेल तर दोन पक्षी ठेवा. आरशात स्वतःलाच जोडीदार समजणारा एकटा पक्षी मी चांगला मानत नाही, तो पुढे चिडका होतो.

झोप त्याला दहा ते बारा तास लागते. टीव्ही चालू असलेल्या खोलीत रात्री अकरापर्यंत जागा ठेवलेला पक्षी पिसं उपटायला लागतो. रात्री पूर्ण अंधार मात्र नको. कॉकाटील झोपेत दचकून पिंजऱ्यात आपटण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, लुटिनो तर विशेष. पालीच्या सावलीने, वरातीच्या डीजेने किंवा दिवाळीच्या सुतळी बॉम्बने ते अंधारात फडफडून पंख मोडून घेतात. शून्य वॅटचा दिवा लावून ठेवा. फडफडाट झालाच तर मोठा दिवा लावा, लांबूनच हळू आवाजात बोला, आणि शांत झाल्यावर पंखांवर रक्त आहे का ते बघा. दिवाळीत आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवा.

उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जाणं नेहमीचं. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकल्या की घशातल्या ओलाव्याची वाफ होते, त्यातूनच त्याचं अंग थंड होतं. खोलीचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की लक्ष ठेवायला लागा, चाळिशीकडे चाललं तर खोली थंड केल्याशिवाय त्याला तिथे ठेवू नका. खोलीत दीडशे-दोनशे रुपयांचा तापमापक टांगा. आपल्या अंदाजावर विसंबू नका, कारण आपण पंख्याखाली असतो आणि घामावर वारा लागला की आपल्याला गार वाटतं, त्याला तो फायदा नाही.

घर धाब्याचं असेल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात, मातीचं जाड छत दुपारीही आतली हवा सुसह्य ठेवतं. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या घरात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा पक्षी खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत न्या. कूलर चालेल, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि समोरची एक खिडकी उघडी हवी. कूलरचं गवत दरवर्षी नवीन घाला, टाकीतलं पाणी दोन दिवसांनी बदला. कुजक्या गवतातली बुरशी वाऱ्याबरोबर थेट फुप्फुसात जाते आणि हा आजार बरा करणं फार अवघड असतं. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावरचे दिवस कोरड्या मे महिन्यापेक्षा घातक ठरू शकतात. हवा दमट असली की धापांनी वाफ होत नाही, कूलरही ओलावाच वाढवतो. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा आणि उघड्या खिडक्या.

वीज गेली तर खिडकीला ओलं गोणपाट बांधा. पाणी भरून बर्फ केलेली बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तर तो लांब सरकू शकतो. सकाळी अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारा किंवा पसरट थाळीत ओली मेथी ठेवा, बहुतेक कॉकाटील तिच्यात लोळून अंघोळ करतात. संध्याकाळी अंघोळ नको.

पंख अंगापासून लांब धरलेत, चोच उघडी, धापा थांबत नाहीत, पाय लटपटतात, अशी लक्षणं दिसली तर हे क्रमाने करा:

1. लगेच घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्या.
2. साध्या पाण्याने पाय आणि पंखांच्या खालची बाजू ओली करा. बर्फाचं किंवा फ्रिजचं पाणी वापरू नका, एकदम गारठ्याने धक्का बसतो.
3. लांबून हलका वारा घाला.
4. चोचीच्या कडेला पाण्याचा थेंब लावा, तो स्वतः चाटेल. चोच उघडून पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाईल.
5. धापा कमी झाल्या की ओलं करणं थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. बरा दिसला तरी तो दिवसभर नजरेखाली राहू द्या.

हिवाळ्याचं थोडक्यात. धुळ्याकडे पहाटे पारा एक आकडी होतो. रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड चादरीने झाका, समोरची उघडी ठेवा. शेगडी कोंडलेल्या खोलीत ठेवू नका, तिच्या वायूने माणसंही मरतात.

आजार ओळखणं

पक्षी आजार लपवतो, कारण रानात थव्यातला दुबळा पक्षी आधी शिकाऱ्याच्या नजरेला पडतो. आपल्याला तो आजारी दिसतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या, दर रविवारी सकाळी खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दहा टक्के वजन घटलं, म्हणजे 90 ग्रॅमचा पक्षी 81 वर आला, की बाहेरून ठणठणीत दिसला तरी डॉक्टरकडे न्या. दिवसाही पिसं फुगवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून राहणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं, शिटेचा रंग दोन दिवस बदललेला राहणं, यातलं काहीही दिसलं तरी थांबू नका.

एकटी मादीही अंडी घालते. ती लगेच काढून टाकली तर ती आणखी घालत राहते आणि अंगातलं कॅल्शियम संपतं. तीन आठवडे अंडी तिथेच राहू द्या, कंटाळून ती उठते. उजेडाचे तास कमी करा, खोकी आणि अंधारे कोपरे बंद करा, पाठीवरून हात फिरवू नका. ती तळाशी बसून कुंथत असेल आणि पोट सुजलेलं दिसत असेल तर अंडं अडकलंय, काही तासांत उपचार लागतात.

दुकानदाराने दिलेले अँटिबायोटिकचे थेंब पाण्यात घालू नका, माणसांच्या गोळ्या कुटून देऊ नका. नख तुटून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. उन्हाळा सोडून इतर वेळी आजारी पक्ष्याला ऊब द्यावी: छोट्या खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, दुसरी बाजू मोकळी.

कॉकाटीलकडून माणसाला होणारा एक आजार लक्षात ठेवा, सिट्टॅकोसिस. पिंजरा साफ करणाऱ्याला ताप, कोरडा खोकला आणि डोकेदुखी बरेच दिवस राहिली, तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, योग्य औषधाने तो बरा होतो. साफ करताना आधी कागद ओला करा आणि तोंडाला रुमाल बांधा.

डॉक्टर आजच शोधून ठेवा. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींवर काम करतात. त्यांना फोन करून सरळ विचारा, "तुम्ही पोपटवर्गातले पक्षी बघता का?" नाही म्हणाले तर नाशिक-पुण्यातला एखादा पक्षीवैद्य शोधा आणि बरा असतानाच एकदा दाखवून आणा, म्हणजे पुढे फोनवर सल्ला मिळू शकतो. मुंबईला जाणं होत असेल तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पक्षीही बघतात. फोन करताना आठवड्यांची वजनं, शिटेचा दिवसाउजेडी काढलेला फोटो आणि खाण्याची यादी हाताशी ठेवा.

प्रवासाला मोठा पिंजरा नको. पुठ्ठ्याच्या खोक्याला बोटाएवढी भोकं पाडून खाली खडबडीत टॉवेल अंथरा, पाण्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवा, म्हणजे सांडत नाही. उन्हाळ्यात पहाटेची गाडी किंवा रात्रीची रेल्वे पकडा. आणि बंद उभ्या मोटारीत, चहा प्यायला उतरण्यापुरतंसुद्धा, त्याला एकटं सोडू नका.